नवरी कोण, हे आधी शोधू नकोस

एक नायक आणि त्याच्या प्रेमात अनेक मुली, अशी मांगा (जपानी चित्रकथा) पहिल्यांदाच वाचणार असशील, तर नेगी हारुबाच्या ‘द क्विंटएसेन्शियल क्विंटुप्लेट्स’पासून सुरुवात कर. 2017 ते 2020 मध्ये ती जपानच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये आली. 14 खंडांतच संपते, त्यामुळे दमछाक होत नाही.

गरीब पण हुशार फुतारोला पाच जुळ्या बहिणींची शिकवणी मिळते. सुरुवातीलाच त्याच्या लग्नाचा दिवस दिसतो, पण नवरी पाचांतली कोण हे कळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: वाचून होईपर्यंत इंटरनेटवर पात्रांची नावं शोधूच नकोस. शोधपट्टीच उत्तर सांगून टाकते.

चेहरे सारखे, म्हणून खुणा लक्षात ठेव. मिकुच्या गळ्यात हेडफोन, योत्सुबाच्या डोक्यावर सशाच्या कानांसारखी रिबन, इत्सुकीच्या केसांत ताऱ्यांच्या पिना. पण बहिणी एकमेकींचं सोंगही घेतात! तिथे बोलण्याची ढब आणि नजर बघ. लेखकाने खरी मेहनत तिथेच घेतली आहे. क्योतोच्या सहलीत इचिका या बहिणीचा फार राग येईल. तरी वाचणं सोडू नकोस. ती कशी सावरते हे पाहण्यासारखं आहे.

पानं उजवीकडून डावीकडे वाचायची.

शेवट तुझ्या आवडतीच्या बाजूने लागला नाही, तर पहिला खंड लगेच पुन्हा उघड. फुतारोला लहानपणी क्योतोत भेटलेल्या मुलीचे धागे तेव्हा स्पष्ट दिसतील. मला तर दुसरं वाचनच जास्त आवडलं.