पाककला: वाचकांचे प्रश्न
जपानी पद्धतीने मुरवलेली मासळी

सुरमईच्या तुकड्या सोया सॉस, साखर आणि आल्यात रात्रभर मुरवून तव्यावर भाजल्या. बाहेरून काळ्या आणि कडू, आतून कोरड्या आणि खारट झाल्या. काय चुकलं?
– एक वाचक, रत्नागिरी

रात्रभर ठेवणं नडलं. सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असतं. दहा-बारा तासांत ते माशातलं पाणी ओढून घेतं आणि मांस घट्ट होतं. सोया सॉसचं हे मुरवण अर्ध्या-पाऊण तासाचंच असतं.

अर्धा किलो सुरमईच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या चार तुकड्या घ्या. एक सपाट चमचा मीठ दोन्ही बाजूंना चोळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पृष्ठभागावर पाण्याचे थेंब उभे राहतील, काट्याजवळून थोडं लालसर पाणीही सुटेल. वास त्याच पाण्यात असतो. तुकड्या भरभर धुऊन सुती कापडाने अगदी कोरड्या टिपा. ही पायरी गाळली की मुरवण पातळ होतं आणि तव्यावर मासा भाजण्याऐवजी शिजत बसतो.

मुरवणासाठी सोया सॉस, साके (तांदळाची जपानी दारू) आणि मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) प्रत्येकी तीन मोठे चमचे. साके-मिरिन नको असेल तर त्यांच्याऐवजी पाच मोठे चमचे पाणी, एक मोठा चमचा साखर आणि चमचाभर आल्याचा रस. जपानात यात युझू या लिंबासारख्या सुगंधी फळाच्या चकत्या टाकतात. आपल्याकडे लिंबाच्या दोन चकत्या पुरतात. रस मात्र पिळू नका, आंबटाने मांस वरून पांढरं आणि भुसभुशीत होतं. 'डार्क' सोया सॉसही टाळा, त्याने रंग फार गडद येतो आणि मासा झाला की करपला ते कळत नाही.

सुरमईला चाळीस मिनिटं, पापलेटच्या पातळ तुकड्यांना वीस. भाजण्याआधी पुन्हा टिपा. साखर माशाच्या आधी करपते, म्हणून तव्यावर बेकिंग पेपर घालून थोडं तेल लावा आणि मंद-मध्यम आचेवर एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने तीन मिनिटं भाजा. मधल्या काट्यालगतचं मांस पारदर्शक दिसेनासं झालं की झालं. उरलेलं मुरवण कच्च्या माशाचं आहे. ते खळखळून उकळा, आटवा आणि शेवटच्या मिनिटाला वरून ब्रशने लावा.

मिसोत मुरवायला कोणती मासळी घ्यावी? मिसोऐवजी दुसरं काही चालेल का?
– एक वाचक, अलिबाग

मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला जपानी खारट लगदा. त्यात मुरवायला रावस आणि सुरमई घ्या. बोंबील अजिबात नको, त्यात इतकं पाणी असतं की मिसोचा चिखल होतो.

पांढऱ्या गोड मिसोचे दोनशे ग्रॅम, मिरिन आणि साके प्रत्येकी दोन मोठे चमचे. वरच्यासारखा मिठाचा हात देऊन टिपलेल्या तुकड्या पातळ मलमलीत गुंडाळा आणि मिसोत पुरून एक ते दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. लाल मिसो जास्त खारट असतो, त्यात एक दिवस पुरे. भाजताना मिसो पुसून काढा, धुऊ नका. मलमलीमुळे हे काम सोपं होतं.

मिसोला पर्याय नाही. सोयाबीन आणि तांदळावर वाढवलेल्या कोजी बुरशीच्या विकरांमुळे माशाला ती मऊ, गोडसर चव येते. डाळ वाटून ती येणार नाही.

व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा बांगडा जपानात खातात. आमच्याकडे ताजा बांगडा रोज मिळतो. घरी करावा का?
– एक वाचक, मालवण

करू नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. व्हिनेगरने मांस पांढरं पडतं, पण माशातल्या अॅनिसाकिससारख्या कृमी मरत नाहीत. त्यासाठी मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा लागतो. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ वर चालतो आणि दिवसातून दहादा उघडला जातो.

दुसरा धोका शिजवूनही जात नाही. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते उष्णतेने नष्ट होत नाही. जिभेला चुरचुरणं, चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकेदुखी ही त्याची लक्षणं. मासा ताजा दिसत असला तरी हे होऊ शकतं. म्हणून बाजारात जाताना बर्फाचा डबा सोबत न्या. बांगडा भाजून वर व्हिनेगर, सोया आणि किसलेला मुळा घ्या. चव सुरेख लागते.

मांदेलीचं काही करता येईल का? व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ चालेल?
– एक वाचक, वेंगुर्ले

मांदेलीचं नानबानझुके करा. तळलेला मासा आंबट पाण्यात मुरवायची ही रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानात पोचली असं मानतात. गोव्याहून त्यांची जहाजं नागासाकीला जात.

आधी पाणी तयार करा: १०० मिली व्हिनेगर, १५० मिली पाणी, तीन मोठे चमचे सोया सॉस, तेवढीच साखर, दोन सुक्या मिरच्या. एक उकळी काढून त्यात एका कांद्याचे आणि गाजराचे बारीक काप टाका. साध्या पाण्याऐवजी मूठभर सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गाळलेलं पाणी घेतलं तर फारच छान. जपानातही सुक्या छोट्या माशांच्या पाण्याची दाशी, म्हणजे स्वयंपाकात वापरायचं चवदार पाणी, करतात. सोडे खारट असतील तर सोया सॉस कमी करा.

अर्धा किलो साफ केलेली मांदेली पूर्ण कोरडी करून तांदळाच्या पिठात घोळवा. रवा नको, तो पाण्यात सुटून तळाशी बसतो. आधी मध्यम तेलात पाच-सहा मिनिटं तळून काढा, मग कडकडीत तेलात मिनिटभर. तेलातून काढल्या काढल्या आंबट पाण्यात सोडा, गार मासा चव ओढून घेत नाही. तासाभरात खाता येते, दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. फ्रिजमध्ये दोन दिवस राहते.

आगळ चालतं. त्यात मीठ असतं, म्हणून तीन मोठे चमचे आगळ घेऊन बाकी पाणी वाढवा आणि सोया सॉस एकच चमचा घाला. रंग जांभळट येईल. सावंतवाडीकडे माडाचं व्हिनेगर मिळालं तर मात्र तेच वापरा.