आधी वकील, मग आमदार, मग खासदार?

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. मी सीए कर म्हणतो. ती म्हणते, आधी वकील होणार, मग आमदार आणि पुढे खासदार. आमच्या घराण्यात कुणी राजकारणात नाही, पैसाही बेताचाच. याला करिअर म्हणायचं का? – एक पालक, धनकवडी

उत्तर :

नमस्कार,

वकिलीला जरूर करिअर म्हणा. आमदारकीला म्हणू नका, कारण ती पाच वर्षांसाठी मतदार देतात आणि काढूनही घेतात. तुमच्या मुलीचा क्रम मात्र मला मनापासून आवडला, कारण त्यात पोटापाण्याचा व्यवसाय आधी येतो.

विलासराव देशमुखांचंच बघा. कायदा शिकले आपल्या पुण्यातल्या आयएलएस लॉ कॉलेजमध्ये. 1974 मध्ये ते बाभळगावचे सरपंच झाले, 1980 मध्ये आमदार. 1995 मध्ये पडले, 1999 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि राज्यसभेत पोहोचले ते 2009 मध्ये. गावापासून दिल्लीपर्यंत पस्तीस वर्षं! ग. वा. मावळंकरही अहमदाबादचे वकील. आधी तिथल्या नगरपालिकेत काम केलं, 1937 मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि 1952 मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष. पुण्यातलं उदाहरण हवं तर ॲड. वंदना चव्हाण आधी महापौर होत्या, राज्यसभेत गेल्या 2012 मध्ये. तिघांचीही सुरुवात गावाच्या किंवा शहराच्या कारभारातून झाली आहे, हे मुलीला नीट दाखवा.

आमदार व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. खरं तर कुठलीच लागत नाही. विधानसभा आणि लोकसभेसाठी वय 25 पूर्ण हवं, विधान परिषद आणि राज्यसभेसाठी 30, महापालिकेसाठी 21. मग वकिली कशाला? सभागृहात विधेयक येतं तेव्हा ते कलमवार वाचून दुरुस्ती सुचवणारे थोडे असतात. ज्याने कोर्टात पक्षकाराच्या जमिनीचा, भाड्याचा किंवा पोटगीचा खटला लढवला आहे, त्याला कायदा नेमका कुठे अडतो हे ठाऊक असतं. त्याचा तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी) मंत्र्याला सहज टाळता येत नाही. लोकप्रतिनिधी म्हणून निवडून जायचं ते याच कामासाठी, असं माझं ठाम मत आहे. शिवाय निवडणूक हरल्यावर हातात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असते. निवडून आल्यावरही आमदार-खासदारांना वकिली करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता प्रवेशाचं. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यासाठी राज्याची लॉ सीईटी द्यावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठं हवी असतील तर क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. नंतर वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. त्यापुढची दोन-तीन वर्षं कठीण जातात. शिवाजीनगर कोर्टात सीनियरकडे काम भरपूर असतं, पैसे फार थोडे मिळतात. तेवढा काळ घरचा आधार द्याल का, याचा विचार आजच करा. मला विचाराल तर तुमची खरी परीक्षा तिथे आहे.

पदवीनंतर एक संधी तिने अजिबात सोडू नये. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. त्यात तरुण पदवीधर एका खासदाराबरोबर राहून संसदेतल्या प्रश्नांचा, विधेयकांचा अभ्यास करतात. घराणं नसलेल्या मुलीला संसद आतून बघण्याचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

पैशाची भीती खोटी नाही. विधानसभेची अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला 10,000 रुपयेच आहे, पण मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख आहे आणि लोकसभेला 95 लाख. म्हणून सुरुवात प्रभागातूनच करावी. आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. संसद आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्तीही 2023 मध्ये झाली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती लागू होईल. तुमच्या मुलीच्या वयाला हे अगदी वेळेवर आलं आहे.

सीएसाठी तिच्यावर जबरदस्ती करू नका. हिशेब कळणं मात्र पुढे अर्थसंकल्प वाचताना फार उपयोगी पडेल, तेव्हा बारावीचं अकाउंट्स तिने मन लावून करावं. पक्षाचं पद तिने एवढ्यात घेऊ नये. वाटल्यास आपल्या प्रभागातल्या पाण्याच्या नाहीतर कचऱ्याच्या एका तक्रारीचा महापालिकेत शेवटपर्यंत पाठपुरावा करावा आणि त्यानंतर मला पुन्हा लिहावं, या वेळी तिने स्वतः.