पहिलं स्मरण लिहिताना

मंडळाच्या स्मरणिकेसाठी वर्षभरात गेलेल्यांबद्दल लिहायला तू पुढे आलास, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

तेराव्याच्या आत वही घेऊन जाऊ नकोस. आधी नुसतं भेटून ये.

नंतर गेलास की "ते कसे होते?" असं विचारू नकोस. उत्तर ठरलेलं: प्रेमळ, मनमिळाऊ. "सकाळी उठून आधी काय करायचे?" असं विचार. एका आजींची सून म्हणाली, त्या रोज आधी शेजारच्या बंद घरापुढचं अंगण झाडायच्या. माझा अख्खा लेख त्या एका वाक्यावर उभा राहिला.

नवखे हमखास चुकतात ते सनावळीत. १९४० साली इंदुरात जन्मलेला माणूस होळकर संस्थानात जन्मला. मध्य भारत हे राज्य झालं १९४८ मध्ये, मध्य प्रदेश १९५६ मध्ये. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ला बंद पडली. 'तिथून १९९५ला निवृत्त' असं कुणी सांगितलं तर हळूच पुन्हा विचार. मधल्या चार वर्षांत बहुतेक घराची खरी ओढाताण असते. घरचे हो म्हणाले तरच ती लिही.

बायकांचं माहेरचं नाव नक्की विचार. मी कित्येक वर्षं विचारलं नाही, आणि आता ती नावं सांगणारं कुणी उरलं नाही.

आजारपणाचं वर्णन नको. छापण्याआधी मजकूर घरच्यांना वाचून दाखव.

फोटो, मांडणी नंतर बघू. आधी एकच लिही आणि रविवारी घेऊन ये.