लाइव्ह रेकॉर्डिंग आणि लॅपटॉपची डिस्क: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लॅपटॉपवर लाइव्ह रेकॉर्डिंग करताना डिस्क कशी वापरायची, हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो आहे. ऐकीव माहितीने घोळ वाढलाय, म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतो.

प्रश्न: लॅपटॉपमध्ये एकच हार्ड डिस्क आहे. तिचे सी आणि डी असे दोन भाग करून डीवर रेकॉर्ड केलं तर वेग आणि सुरक्षितता वाढेल का?

दोन्ही वाढणार नाही. भाग दोन केले तरी लिहिणारं हेड एकच. सिस्टीमला काही लागलं की ते सीकडे धावणार आणि आवाज लिहायला परत डीकडे येणार. डिस्क बिघडली की दोन्ही भाग एकदम जातात. रेकॉर्डिंगसाठी वेगळी डिस्क घ्या, शक्यतो एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी, चिपवर लिहिणारी डिस्क. फिरती डिस्कच असेल तर ती सबवूफरपासून लांब ठेवा, जोराच्या कंपनांनी तिचं लिहिणं अडखळतं.

प्रश्न: ३२ ट्रॅकसाठी, म्हणजे ३२ वेगवेगळे आवाज एकाच वेळी रेकॉर्ड करायला, सर्वांत वेगवान, महागडी एसएसडीच लागेल असं विक्रेता म्हणतो. खरं का?

हिशेब करून बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या रेकॉर्डिंगच्या नेहमीच्या सेटिंगला एका ट्रॅकचे सेकंदाला १,४४,००० बाइट होतात. ३२ ट्रॅकचे झाले ४.६ एमबी, म्हणजे तासाला साधारण साडेसोळा जीबी. ९६ किलोहर्ट्झला याच्या दुप्पट. एवढं काम साधी चांगली एसएसडी सहज करते. खोक्यावरचे वेगाचे मोठमोठे आकडे बहुतेकदा थोड्या वेळापुरते खरे असतात. विकणाऱ्याने तुम्हाला हे सांगायला हवं होतं. महागड्या वेगामागे लागण्यापेक्षा डिस्क काठोकाठ भरू देऊ नका. आणि अविश्वसनीय स्वस्त १६ टीबीच्या डिस्कला हात लावू नका. त्यातल्या कित्येक आपली क्षमता खोटी सांगतात आणि भरल्यावर आधीच्याच फाइलींवर लिहीत सुटतात.

प्रश्न: डेस्कटॉपवरच रेकॉर्ड केलं तर?

नको. तो फोल्डर क्लाउडशी जोडलेला असेल तर ऐन कार्यक्रमात अपलोड सुरू होईल.

प्रश्न: ३२ चॅनेल एकाच फाइलमध्ये रेकॉर्ड करत होतो. डिस्कमध्ये भरपूर जागा असूनही साडेपंधरा मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबलं. डिस्क खराब आहे का?

डिस्कपेक्षा फाइलच्या मर्यादेचा संशय जास्त. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकार ३२ बिटांत नोंदवतात, त्यामुळे ती ४ जीबीपलीकडे जात नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ३२ चॅनेलचे ४ जीबी बरोबर तेवढ्याच वेळात भरतात. फॅट३२ने (ही डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) फॉरमॅट केलेल्या डिस्कवरही एका फाइलला हीच मर्यादा आहे. प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल करा किंवा आरएफ६४ हा मोठ्या आकाराला चालणारा वेव्हचा प्रकार निवडा. डिस्क एक्सफॅट, एनटीएफएस किंवा एपीएफएसने फॉरमॅट करा, पण आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. तुमच्या सॉफ्टवेअरला यातलं काय चालतं हे जाणकाराला विचारूनच पुढे जा.

प्रश्न: कार्यक्रमानंतर घरी जाऊन सावकाश बॅकअप घेतो. चालेल ना?

नाही चालणार, आणि हे मला जरा खुलासेवार सांगायचंय.

एकदा कार्यक्रम संपल्यावर मी केबली गुंडाळत होतो. टेबलावरच्या डिस्कची वायर माझ्या पायात अडकली आणि फिरती डिस्क खाली आदळली. उचलून पाहतो तर आतून टक्-टक्, टक्-टक्. अडीच तासांचं गाणं त्यात होतं आणि दुसरी प्रत नव्हती. गायिकेला हे सांगायला मी ग्रीनरूमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो होतो.

तेव्हापासून दुसरी प्रत होईपर्यंत मी माइकचा एकही स्टँड मोडत नाही. अडीच तासांचे ३२ ट्रॅक म्हणजे चाळीसेक जीबी. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने सात मिनिटं लागतात. सात मिनिटं! तेवढी नसतात असं मला कुणी सांगू नका. अख्खा प्रोजेक्ट फोल्डर उचला, नुसत्या ऑडिओ फाइली नकोत. फाइलींची संख्या आणि आकार ताडून पाहा. मग मूळ डिस्क काढून ठेवा, प्रतीतून प्रोजेक्ट उघडा आणि हेडफोन लावून सुरुवात, मध्य, शेवट ऐका. दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत जाऊ द्या. जमलं तर मिक्सरमधून स्टिरिओ आवाज एखाद्या वेगळ्या रेकॉर्डरवरही घेत चला. लॅपटॉप मध्येच बंद पडला तर तोच कामी येतो.

प्रश्न: गेल्या आठवड्यात एसएसडीवरचं रेकॉर्डिंग चुकून पुसलं गेलं. मित्राने एक रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवलंय, ते टाकू का?

त्या डिस्कवर काहीही टाकू नका. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. ती पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी असल्याचं डिस्कला कळवते, मग डिस्क आपल्या सवडीने ती साफ करते. एकदा साफ झालं की कुठलंच सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. तुम्ही आठवडाभर थांबलात, हे फार वाईट झालं. लॅपटॉप आत्ता बंद करा आणि आजच डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. काही मिळालं नाही तर पैसे किती द्यावे लागतील, हे डिस्क सोपवण्याआधी लेखी घ्या.