वाचक विचारतात: स्कारबरोचं गोल थिएटर

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये यॉर्कला शिकते, उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. ती म्हणते एक दिवस स्कारबरोला जाऊ, तिथे समुद्र आहे आणि नाटककार अ‍ॅलन एकबॉर्नचं थिएटर आहे. समुद्राचं कौतुक नाही, आम्ही रत्नागिरीचेच. थिएटर बघण्यासारखं आहे का?

उत्तर: आहे की! आणि नुसता बाहेरून फोटो काढून येऊ नका, प्रयोगच बघा. याचं नाव स्टीफन जोसेफ थिएटर. हा जोसेफ नाट्यदिग्दर्शक, अमेरिकेत चारही बाजूंना प्रेक्षक बसवून केलेली नाटकं बघून आला होता आणि असं काहीतरी आपल्याकडे पाहिजेच हे त्याच्या डोक्यात बसलं, पण पैसे कुठे होते, मग 1955 च्या उन्हाळ्यात स्कारबरोच्या पब्लिक लायब्ररीत वरच्या मजल्यावरची एक खोली मिळाली तिथेच मधली जागा मोकळी ठेवून सभोवती खुर्च्या लावल्या आणि नाटकं सुरू! दर्शनी पडदा नाही, विंगा नाहीत, मागची भिंत नाही. नटाची पाठ कोणाकडे ना कोणाकडे असणारच, त्यामुळे सतत हलतं राहायचं, आणि उंच कपाट ठेवलं तर एका बाजूचे लोक ओरडणार, म्हणून सगळं फर्निचर बुटकं.

एकबॉर्न इथे 1957 मध्ये आला तो नट आणि स्टेज मॅनेजर म्हणून. मिळालेल्या भूमिकेबद्दल कुरकुर केली तर जोसेफ म्हणाला, मग तूच लिही चांगली. 1959 मध्ये त्याने टोपणनावाने पहिलं नाटक लिहिलं, त्यात स्वतःसाठी गिटार वाजवणाऱ्या रॉक स्टारचा रोल ठेवला, हुशारच म्हणायचा. जोसेफ 1967 मध्येच गेला, जेमतेम शेहेचाळिशीत. 1972 पासून 2009 पर्यंत थिएटर एकबॉर्नच्याच हातात होतं आणि त्याची 80 च्या वर नाटकं झालीत, त्यातली बहुतेक आधी इथे आणि मग लंडनला.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते 1973 चं 'द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स'. एकाच घरातला एकच वीकेंड, पण नाटकं तीन: एक जेवणाच्या खोलीत, एक दिवाणखान्यात, एक बागेत. दिवाणखान्यातून कोणी तणतणत बाहेर पडला की तो बागेतल्या नाटकात कसा पोचला ते दुसऱ्या दिवशी कळणार. आता स्कारबरो पडलं सुट्टीचं गाव, लोक आठवडाभर येणार, तिन्ही बघतीलच याची काय गॅरंटी? म्हणून कुठलंही आधी बघा, एकच बघा, अडत नाही अशी बांधणी. पुढे 1999 मध्ये तर 'हाउस' आणि 'गार्डन' ही दोन नाटकं एकाच इमारतीतल्या दोन हॉलमध्ये एकाच वेळी, तेच नट, इकडून एक्झिट घेतली की धावत तिकडे एन्ट्री. मला त्यात नाटकापेक्षा कसरत जास्त वाटते, पण बॅकस्टेजवाल्यांना साष्टांग नमस्कार.

प्रश्न: 'द वुमन इन ब्लॅक' हे भुताचं नाटक लंडनला वर्षानुवर्षं चाललं, ते म्हणे आधी बारमध्ये झालं होतं. खरं का?

उत्तर: खरंय. 1987 चा ख्रिसमस, स्कारबरोचं हेच थिएटर तेव्हा एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. एकबॉर्न रजा घेऊन लंडनला गेलेला, रॉबिन हरफर्ड कारभार बघत होता. बजेट संपत आलेलं, तरी सणाला भुताची गोष्ट हवी. सुझन हिलच्या कादंबरीवरून स्टीफन मॅलट्रॅटने ते लिहून दिलं, कादंबरीत एवढी माणसं तर याने दोन नटांतच सगळं बसवलं, एक म्हातारा वकील स्वतःची कहाणी सांगायला एका नटाला गाठतो आणि दोघं मिळून ती करून बघतात. आणि 'ती' दिसते तेव्हा दिसते, प्रोग्रॅममध्ये तिचं नावच नव्हतं! प्रयोग थिएटरच्या बारमध्ये. लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये 1989 ला गेलं ते मार्च 2023 ला उतरलं, 13,232 प्रयोग.

प्रश्न: पोचायचं कसं? तिकीट लगेच मिळतं का?

उत्तर: यॉर्कहून थेट ट्रेन आहे, तासाभराच्या आत पोचता आणि स्टेशनसमोरच थिएटर. 1996 पासून ते जुन्या ओडियन सिनेमाच्या इमारतीत आहे. गोल हॉल 404 सीटचा, वर छोटा 165 चा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आणि रात्रीचा प्रयोग घेणार असाल तर परतीच्या शेवटच्या ट्रेनची वेळ बघून मगच. नाहीतर सरळ दुपारचा घ्या.