नागपुरात राहून परकीय नागरिकांच्या हद्दपारीविरुद्ध वकिली करता येते का?

एलएलबीनंतर ही वकिली नागपुरात चालेल का, त्यात न्यायालयीन काम किती आणि नुसते अर्ज भरण्याचे किती, आणि उत्पन्न किती मिळते, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्यावर मात्र सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ज्या ज्येष्ठ वकिलांकडे मी उमेदवारी केली त्यांच्या मते ही वकिली नव्हेच, कारकुनी आहे. हान्स म्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली परकीयाला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश ठरवला; मग युक्तिवादाला उरले काय, असे ते विचारत.

जरीपटक्यातील माझ्या एका पक्षकार (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत) २०१६ साली सिंधमधून रीतसर व्हिसावर आल्या, येथील भारतीय नागरिकाशी विवाह करून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहू लागल्या. मुदत संपण्यापूर्वीच त्यांनी वाढीचा अर्ज केला होता. तो संबंधित कार्यालयात पडून राहिला आणि मुदत उलटल्यावर हाती देश सोडण्याची नोटीस आली. "मॅडम, दंड भरून मोकळे होऊ," असे त्यांचे दीर म्हणाले. दंडाने भागणारे नव्हते. नागरिकत्व कायद्याप्रमाणे वैध कागदांवर आलेली व्यक्तीही परवानगीच्या मुदतीपलीकडे राहिली तर अवैध स्थलांतरित ठरते, आणि तो शिक्का बसला की भारतीय पतीच्या नात्याने, सात वर्षांच्या वास्तव्यानंतर, नागरिक म्हणून नोंदणी करून घेण्याचा मार्गच बंद होतो. याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तानसह तीन देशांतील हिंदू आदी अल्पसंख्याकांना अवैध स्थलांतरित न मानण्याची दिलेली सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच असल्याने तिचाही उपयोग नव्हता.

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका दाखल केली आणि सरकारला अधिकार आहे हे तीत आरंभीच मान्य करून टाकले. वेळेत आलेला अर्ज निकाली न काढता, त्याचा साधा उल्लेखही न करता नोटीस काढता येणार नाही, एवढेच आमचे म्हणणे होते. परकीयाला येथे स्थायिक होण्याचा मूलभूत अधिकार नसला तरी अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण आहे, हे लुई डी रेड्ट प्रकरणाने १९९१ साली स्पष्ट केले होते. शिवाय हसन अली रैहानी प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, वैध व्हिसावर येऊन दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला हद्दपारीची कारणे कळवून म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे सांगितले होते. तरीही सारे प्रकरण ऑनलाइन अर्जाच्या पोचपावतीवर उभे होते, आणि ती गॅसच्या पुस्तकात सापडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. अर्जाचा निर्णय होईपर्यंत सक्तीची कारवाई करू नये असा आदेश मिळाला, पुढे मुदतवाढही झाली.

म्हणून अर्ज भरणे हलके आणि युक्तिवाद करणे भारी, ही विभागणीच मला अमान्य आहे. आज निष्काळजीपणे भरलेला रकाना उद्या सरकारच्या शपथपत्रात पक्षकाराविरुद्ध उभा राहतो.

हे सर्व रीतसर आलेल्यांबाबत झाले. कागदांशिवाय आलेल्या माणसाची बाजू फार दुबळी असते: आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो आणि फौजदारी खटला वेगळा चालतो. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेही तो भार हलवलेला नाही, तेव्हा अभ्यास नव्या कायद्यापासून सुरू करावा. उत्पन्नाबद्दल एवढेच सांगते की केवळ या प्रकरणांवर घर चालत नाही. सेवाविषयक किंवा जमिनीची प्रकरणे हाती ठेवावीत.

उमेदवारीसाठी मोठे नाव पाहू नये. जेथे कनिष्ठाला पक्षकारासमोर बसवून पासपोर्टचे प्रत्येक पान तपासायला लावतात आणि तारखांचा तक्ता त्याच्याकडूनच करून घेतात, ते चेंबर निवडावे. आमच्या ज्येष्ठांकडे तो तक्ता कोणीच करत नसे, आणि मग मुदत कोणत्या दिवशी संपली हे त्यांना भर न्यायालयात सरकारी वकिलांकडून कळत असे.