चर्चमध्ये चित्रं काढणारा इटलीचा नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणारा, चित्रकार कोण?

माझं उत्तर आंद्रेआ आप्पिआनी. जन्म 1754, मिलान. नेपोलियनचा चित्रकार म्हणूनच त्याचं नाव निघतं, पण त्याचा खरा कस पाहायचा तर मिलानमधल्या सान्ता मारिया प्रेस्सो सान चेल्सो या चर्चच्या घुमटाखाली मान वर करून उभं राहायला हवं. 1790 नंतरच्या काही वर्षांत त्याने तिथे चार शुभवर्तमानकार (बायबलमधली येशूची चरित्रं लिहिणारे) आणि चर्चचे आचार्य (सुरुवातीच्या काळातले थोर धर्मपंडित) फ्रेस्को पद्धतीने रंगवले. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं काम: गिलावा वाळायच्या आत रंग बसला पाहिजे, चुकलं तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लिंपायचा. तेही वक्र भिंतीवर, परांचीवर उभं राहून! इतकं करूनही त्या आकृतींत सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार कोरेज्जो याची आठवण करून देणारा मऊपणा आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण नवअभिजात शैलीतली चित्रं बरेचदा पुतळ्यांसारखी थंड वाटतात.

1796 मध्ये नेपोलियन मिलानमध्ये आला आणि पुढे आप्पिआनी त्याचा इटलीतला प्रमुख चित्रकार झाला. मिलानच्या राजवाड्यातली त्याची बरीच चित्रं 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेली. 1813 मध्ये पक्षाघाताने त्याचा हात थांबला, 1817 मध्ये तो वारला.